मुकं जेवण

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी विचारलेला पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता, व्हिसाचाही नव्हता. दार उघडून त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्याबरोबर कोण कोण आलंय?"

मी मागे वळून पाहिलं. बसस्टॉप होता, त्यापलीकडे राउंडअबाउट, म्हणजे गाड्या वळसा घालून जातात तो गोल चौक होता, माणूस एकही नव्हता. म्हटलं, "मी एकटीच आहे."

"बरं," बाई म्हणाल्या, "तुला तसं वाटत असेल तर तसं." मग त्या बाजूला झाल्या आणि मी आत आल्यावरही त्यांनी दार उघडंच धरून ठेवलं. माझ्यामागून आणखी दोघं-तिघं येणार असतील तर लागेल तितका वेळ.

शहाण्या मुलीने तिथूनच काढता पाय घ्यायला हवा होता. पण हे दोन हजार चार साल, गाव मिल्टन कीन्स. कंपनीने दिलेलं हॉटेल तीन दिवसांत सोडायचं होतं, मला गाडी येत नव्हती, आणि हे घर ऑफिसपासून पायी वीस मिनिटांवर होतं. शिवाय खोलीला स्वतंत्र बाथरूम. पुण्याच्या माणसाला भुताची भीती वाटत असेल, पण कॉमन बाथरूमची त्याहून जास्त वाटते. मी हो म्हणून टाकलं.

बाई विच होत्या. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच सांगत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "तू हिंदू ना? मी विच. दुधाची बाटली एकच ठेवू या." मी घाबरत घाबरत सैतानाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "तो आमच्यातला नाही. तो चर्चवाल्यांचा. त्याची चौकशी तिकडे कर." त्यांचा धर्म ऋतूंचा, चंद्राचा, झाडाझुडपांचा. काळं मांजर नव्हतं, कारण मांजराजवळ गेलं की त्यांना शिंका येत. झाडू होता, पण तो केर काढायला नव्हे. घरात कोणाशी खटका उडाला की त्या झाडूने उंबरठ्याबाहेर काहीतरी लोटून द्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. खरा केर काढायला हूव्हर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर होता.

फोनवर आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं म्हणजे चेटकीण?"

"हो, पण कौन्सिलच्या नोकरीत आहे."

आईचा जीव भांड्यात पडला. सरकारी नोकरीतली चेटकीण म्हणजे तशी बरी असणार. नोकरी लॉलीपॉप लेडीची होती. शाळेसमोर पिवळाधमक कोट घालून उभं राहायचं, हातात गोल पाटीची उंच काठी धरायची, गाड्या थांबवायच्या आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. वय सत्तरीच्या जवळ. पण काठी घेऊन बाई रस्त्यात उतरल्या की दहा चाकी ट्रकसुद्धा निमूट थांबायचा.

मिल्टन कीन्सवर त्यांचं भारी प्रेम. बाकीचे इंग्रज त्या गावाला राउंडअबाउटांवरून हसतात. बाई म्हणायच्या, नीट बांधलेलं गाव देशात हे एकच. हजारो माणसं रोज, न कळत, सूर्याच्या दिशेने गोल फिरतात. मी म्हटलं, आमच्याकडे देवळात याला प्रदक्षिणा म्हणतात, तीही अशीच, उजव्या हाताला देव ठेवून. झालं. माझी ड्रायव्हिंग टेस्ट होती त्या दिवशी त्यांनी मला सोडायला जाताना एकाच राउंडअबाउटला तीन चकरा मारल्या. मागच्या गाडीवाल्याने काच खाली करून आम्हाला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. टेस्टमध्ये मी पास झाले, हेही सांगायला हवं.

इथवर हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

त्याच वर्षीची फेब्रुवारीतली एक सकाळ. खाली आले तर टेबलावर चहाचे तीन कप. मी विचारलं, कोण आलंय? बाई म्हणाल्या, "तुझंच कोणीतरी. जिन्यापाशी उभा आहे. उंच आहे, गळ्यातला मफलर सारखा नीट करतोय. बस म्हटलं तर बसत नाही." मी चिडले. सकाळी सकाळी असलं काय बोलायचं? चहा अर्धा टाकून ऑफिसला गेले. अकरा वाजता घरून फोन आला. आमचे काका पहाटे गेले. पुण्यात मे महिन्यातसुद्धा मफलर न सोडणारा माणूस. त्यांच्याबद्दल मी बाईंना चकार शब्द सांगितलेला नव्हता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "चहा घेतला नाही त्याने. तू गेलीस तिकडे बघत राहिला, मग गेला." मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. बाबा फिजिक्सचे मास्तर, ते फोनवर योगायोग म्हणाले. असेलही. पण त्या दिवसानंतर त्या घरात मी एकटी आहे असं मी कधी म्हटलं नाही.

गावात सगळ्यांनाच बाई चालत होत्या असं नाही. मिल्टन कीन्स नवं असलं तरी त्याच्या पोटात जुनी खेडी आहेत, आणि आमचं घर अशाच एका खेड्यात होतं. जुनं दगडी चर्च, त्याचे व्हिकर म्हणजे पाद्री, आणि चर्चचा सगळा कारभार बघणाऱ्या एक वॉर्डनबाई. या वॉर्डनबाईंनी घरोघरी कागद वाटला होता. आपल्या मुलांचे हात रोज कोणाच्या हातात देतो याचा पालकांनी विचार करावा, असा मजकूर. दोन-तीन आया मुलांना दुसऱ्या टोकाने नेऊ लागल्या. बाईंनी झाडूने उंबरठा तेवढा दोनदा झाडला.

मग एका सकाळी व्हिकर आले. उंच, वाकलेले, गळ्यात पांढरी कॉलर. शेवटचं मूल पलीकडे जाईपर्यंत थांबले आणि मग फुटपाथच्या कडेला येऊन उभे राहिले. बाईंनी काठी उंचावली, गाड्या थांबल्या, व्हिकर रस्ता ओलांडून गेले. पलीकडे त्यांचं काहीही काम नव्हतं. बंद पडलेलं एक केशकर्तनाचं दुकान होतं, त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहिले आणि पुन्हा बाईंकडून काठी उंचावून घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. पावसातही तेच. महिन्याभरात आया मुलांना घेऊन परत बाईंच्या क्रॉसिंगला आल्या.

मला वाटलं, काय ही दोघांची मैत्री. पण ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. गुड मॉर्निंगसुद्धा नाही. मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं कर्ज आहे, तो फेडतोय. मला विचारू नकोस."

ते मला ऑक्टोबरात कळलं. पितृपक्ष चालू होता. काकांचं पहिलं वर्ष, म्हणून आईने फोनवर बजावलं होतं की काही नाही तर निदान कावळ्याला घास ठेव. मी मागच्या अंगणात कुंपणाजवळ वरणभाताचं पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि कावळ्याची वाट बघत थंडीत कुडकुडत बसले. बाई खिडकीतून बघत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "पाणी उलट्या दिशेने का फिरवलंस?"

"देवाच्या पानाभोवती सुलट. गेलेल्यांचं सगळं उलट असतं आमच्याकडे."

बाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "आमच्याकडेही," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दिवस मावळताना त्या गेलेल्यांना जेवायला बोलावत. त्याला मुकं जेवण म्हणत. कोणी एक शब्द बोलायचा नाही. सगळं उलट. गोड आधी, सूप शेवटी, काटा उजवीकडे, सुरी डावीकडे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गेलेल्याला प्रत्येक पदार्थ एकदाच वाढायचा. दुसऱ्यांदा वाढलं तर त्याला वाटतं, आपल्याला राहायला सांगतायत. जेवण झालं की मागचं दार उघडायचं, म्हणजे पाहुणा जातो.

"माझी आई येते, नवरा येतो," बाई म्हणाल्या. "मला कळतं. नऊ वर्षं मी माझ्या मुलीसाठी वाढतेय. ती येत नाही."

मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती चर्चमध्ये जायला लागली आणि याच व्हिकरांकडून बाप्तिस्मा घेऊन आली. घरी आली आणि जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना म्हणाली. बाई भडकल्या. म्हणाल्या, "तुझा देव घेऊन माझ्या टेबलाशी बसायचं नाही." ती उठली, बॅग भरली आणि व्हिकरांच्या घरी राहायला गेली. बाविसाव्या वर्षी, हिवाळ्यात, कालव्याच्या काठावर बर्फावरून पाय घसरला. तीन वर्षं ती पुन्हा त्या टेबलाशी बसली नव्हती. पुरताना बाई चर्चच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत.

"मी तिला बसू नकोस म्हटलं," बाई म्हणाल्या. "ती माझं ऐकणारी पोर होती."

मी मराठी बाई. समोरचा रडायला लागला की मला काहीतरी उपाय सुचवल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "मग तिच्या देवालाही बोलवा. प्रार्थना म्हटल्याशिवाय ती कशी जेवेल?"

"माझ्या तोंडून ती खोटी होईल."

"आमच्याकडे श्राद्धाला भटजी बोलावतात," मी म्हटलं. "तुमच्याकडे कोणी नाही का?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात कावळा आला, पानावर चोच मारून गेला, आणि मी नेमकं त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते तेव्हा पाहिलं. व्हिकर रस्ता ओलांडायला उतरले आणि बाईंनी त्यांना भर रस्त्यात थांबवलं. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या त्यांच्याशी बोलल्या. व्हिकरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तिला आत घेतलं, पण आईकडे परत जा असं एकदाही सांगितलं नाही. मी येईन. पण मग दोन नोव्हेंबरला, मंगळवारी, तुम्ही चर्चमध्ये यायचं. गावातल्या गेलेल्यांची नावं वाचतो आम्ही. नऊ वर्षं तिचं नाव वाचतोय आणि ऐकायला तिचं कोणी नसतं." बाईंनी मान हलवली. गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत गेली होती, पण हॉर्न कोणी वाजवला नाही.

वॉर्डनबाईंच्या कानावर गेलंच. विचच्या घरी प्रार्थना म्हटलीत तर बिशपना पत्र लिहीन, असं त्यांनी व्हिकरांना बजावलं. व्हिकर म्हणाले, "लिहा. पत्ता मी देतो."

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस रविवारी आला. त्याच पहाटे देशभरातली घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे पाच वाजायच्या आत अंधारून आलं. हॅलोविनला दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांसाठी बाईंनी सफरचंदांची टोपली फाटकाबाहेर ठेवली होती, म्हणजे कोणी बेल वाजवणार नाही. टेबलावर एकच मेणबत्ती. चार खुर्च्या, चार ताटं. बाई, व्हिकर, मी, आणि चौथी खुर्ची माझ्या उजव्या हाताला. वाढायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं.

आम्ही बसलो. व्हिकर उठले आणि मुक्या जेवणाचं मौन मोडून त्यांनी दोन ओळींची प्रार्थना म्हटली. साधी, घरगुती. बाईंनी डोळे मिटले नाहीत, पण मान खाली घातली.

मग गोड, मग भाजलेले बटाटे आणि गाजरं. चौथ्या ताटातही मी वाढलं. काट्यासुऱ्यांचा आवाज तेवढा. मी माझ्या ताटात बघून जेवत होते, कारण दुसरीकडे बघायचा धीर नव्हता. थंडी वाढली होती. मध्येच नजर गेली, शेजारच्या पानातलं संपलेलं दिसलं, आणि माझा हात आपोआप बटाट्यांच्या भांड्याकडे गेला. आमच्या घरात रिकामं पान दिसलं की विचारायचं नाही, वाढायचं. मी दोन बटाटे वाढले, वर थोडी गाजरं वाढली, चमचा भांड्यात ठेवला.

आणि मग कळलं. पान रिकामं होतं म्हणजे कोणीतरी जेवलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या चौथ्या ताटाकडे बघत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. व्हिकरांच्या हातातली सुरी तशीच राहिली होती. सूप झालं. बाई उठल्या, मागच्या दारापाशी गेल्या, कडीवर हात ठेवला. मी मनात म्हणत होते, उघडा हो, उघडा. त्यांनी हात काढून घेतला आणि परत येऊन जागेवर बसल्या.

पुढचे दोन दिवस मी कोणाला धड सांगितलेले नाहीत. सोमवारी सकाळी तीन कप होते आणि तिसरा प्यालेला होता. बाई रिकाम्या खुर्चीला नऊ वर्षांच्या बातम्या सांगत होत्या. कोणतं दुकान बंद झालं, कोणाचा कुत्रा मेला, समोरच्या झाडाची फांदी कशी पडली. आवाज इतका आनंदी की ऐकवत नव्हता. जिन्यावर पावलं वाजायची आणि माझ्या दाराशी येऊन थांबायची. हीटिंग चालू असून घरात तोंडातून वाफ निघत होती. आणि बाई जेवत नव्हत्या. आपलं ताट पुढे सरकवायच्या आणि बघत बसायच्या. सोमवार संध्याकाळपर्यंत त्यांची नखं निळी पडली होती.

सोमवारी क्रॉसिंगवर व्हिकर त्यांना म्हणाले, "तिला जाऊ द्या. ती थकलेली आहे, आणि तुम्ही मरून जाल."

"उद्या तुम्ही तिचं नाव वाचणार ना?" बाई म्हणाल्या. "गेलेल्यांत वाचलंत की ती जाईल. मला माहीत आहे. वाचा. मी येईन. विच दिलेला शब्द मोडत नाही, मोडला तर तिपटीने अंगावर येतो."

मी व्हिकरांना गाठलं. म्हटलं, सगळी चूक माझी आहे, मी वाढलं. ते म्हणाले, "ताट रिकामं होतं, तू वाढलंस. याला चूक म्हणत नाहीत." पण त्यांचाही चेहरा पडलेला होता.

मंगळवारी बाई कामावर गेल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळी काठी घेऊन व्हिकर स्वतः उभे होते, अंगावर पिवळा कोट नाही, काळा डगला. मी हाफ डे टाकला आणि दुपारी चारला बाईंना धरून चर्चला नेलं. त्यांचं वजन लागत नव्हतं. आत जाण्याआधी त्यांनी चर्च उजव्या हाताला ठेवून त्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. व्हिकर दारात उभे राहून वाट बघत होते.

लाकडी बाकांवर बसायला चौकोनी मखमली उश्या होत्या. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या, मध्ये एक उशी सोडली आणि मला पलीकडे बसायला सांगितलं. वॉर्डनबाई गाण्यांचे कागद वाटत आल्या. बाईंकडे न बघता त्यांनी एक कागद त्यांच्या हातात दिला, एक मधल्या उशीपुढे ठेवला, एक मला दिला. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. रंग उडाला त्यांचा. मधला कागद उचलायला त्यांनी हात पुढे केला, पण उचलला नाही, तो नीट सरळ करून ठेवला आणि गेल्या.

व्हिकर नावं वाचायला लागले. प्रत्येक नावाला एक मेणबत्ती. हॅरल्ड. जॉइस. दोन जुळी बाळं, ज्यांना नुसतं आडनाव होतं. मग ते थांबले. कागदावर बोट होतं, ओठ उघडले होते, आवाज येत नव्हता. बोट तिथेच राहिलं. ते वर बघून बाईंकडे पाहत होते, आणि मला कळलं की हा माणूस ते नाव वाचणार नाही. पुढचंही वाचणार नाही. सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं तरी तो असाच उभा राहील. मला बाईंना सांगायचं होतं की चला, घरी जाऊ, ठेवा तिला, मी वाढत जाईन रोज. खरंच सांगणार होते.

बाई उठल्या. समोरचा बाक दोन्ही हातांनी धरला आणि मुलीचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. शाळा सुटल्यावर पोरीला गर्दीतून हाक मारावी तशा आवाजात. मग हळू म्हणाल्या, "जा बाळा. प्रार्थना म्हणून जा."

व्हिकरांनी मेणबत्ती लावली. आमच्या दोघींच्या मध्ये ती मखमली उशी दबलेली होती, ती हळूहळू वर आली.

बाई खाली बसल्या. मग हात पुढे करून त्या उशीवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गरम आहे अजून."